टेल्मिसार्टन चालू असताना दिवस राहिले, आता काय करू?

सहावा आठवडा चालू आहे आणि कालपर्यंत टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) घेतली, असं तुम्ही लिहिलंय. आधी धीर धरा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ही गोळी पोटात गेली म्हणजे बाळाला इजा झालीच, असं अजिबात नाही. त्या भीतीने गर्भपाताचा विचार तर मुळीच करू नका.

पण गोळी बदलायलाच हवी, म्हणून आजच डॉक्टरांना फोन करा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांचा खरा धोका चौथ्या महिन्यापासून पुढे असतो. बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होतो, लघवी कमी होते आणि गर्भजल आटतं, कारण तेव्हा ते पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. त्याऐवजी सहसा लॅबेटालॉल, निफेडिपिन (हळूहळू विरघळणारी) किंवा मिथाइलडोपा देतात. दमा असेल तर आवर्जून सांगा, मग लॅबेटालॉल टाळतात.

मनाने सगळंच बंद करून बसू नका, वाढलेलं बीपीही आई-बाळ दोघांना घातक असतं. घरी मोजून वहीत लिहा. १६०/११० किंवा त्याहून जास्त आलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. आणि बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन लागेल का, हेही विचारून ठेवा.