आईवडिलांच्या अमेरिका व्हिसाच्या मुलाखतीत बहिणीच्या बाळंतपणाचं सांगावं की नाही?

सांगावं, आणि सरळ सांगावं. 'मुलगी तिकडे आहे हे बोलूच नका, फिरायला चाललोय म्हणा' हा तुमच्या एजंटचा सल्ला कृपा करून ऐकू नका. जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का, हे डीएस-१६० फॉर्ममध्येच, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जातच, विचारलेलं असतं. तिथे 'नाही' लिहिलं आणि खोटं निघालं, तर व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि पुढचे सगळे दरवाजे बंद होऊ शकतात. त्यापेक्षा साधा नकार परवडला. लेकीच्या बाळंतपणाला आईवडील जातात यात लपवण्यासारखं काय आहे? बी-२ हा फिरायला जाण्याचा व्हिसा आप्तांना भेटायला जाणाऱ्यांसाठीही असतोच.

खरी अडचण वेगळी आहे. तिथल्या कायद्याचं २१४(ब) कलम अधिकाऱ्याला सांगतं की अर्जदार कायमचा राहायला येतोय असंच आधी धरून चाला. तसं नाही, हे पटवण्याची जबाबदारी आपली. वडिलांची शेती, पेन्शन, गावातलं घर, तुम्ही स्वतः इथे असणं, हेच त्यांचं बळ आहे आणि ते त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. 'परत कधी येणार?' याला ठाम उत्तर हवं. 'बघू, लेक म्हणेल तसं' हे घरात ठीक आहे, तिथे त्याचा अर्थ भलताच निघतो.

इंग्रजी येत नाही याची अजिबात काळजी करू नका. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मराठीतून मुलाखत देता येते. पाठ केलेल्या चार इंग्रजी वाक्यांपेक्षा आपल्या भाषेतलं मोकळं उत्तर कितीतरी चांगलं. काचेपलीकडून माइकवर आवाज येतो, समोर उभं राहून बोलायचं असतं आणि बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत सगळं आटोपतं. ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायला लाजू नका, हे वडिलांना आवर्जून सांगा. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा बाहेर कुठे भेटायचं ते आधीच ठरवून ठेवा.

ओळखीच्या बऱ्याच काका-काकूंचे फॉर्म मी भरले आहेत. माझा आग्रह एकच असतो: ज्यांचा फॉर्म आहे त्यांना शेजारी बसवून भरा. तुम्ही मदत केली हे फॉर्ममध्ये नोंदवता येतं, पण खरेपणाची जबाबदारी आईवडिलांचीच राहते. बहिणीचा पत्ता, ती काय काम करते, खर्च कोण करणार, हे फॉर्ममध्ये एक आणि तोंडी दुसरं असं झालं की संशय येतो. आपल्याकडे हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे आईचं माहेरचं नाव. 'पूर्वी दुसरं नाव होतं का?' या प्रश्नाला 'हो' म्हणून ते लिहा. देवनागरीतलं पूर्ण नावही विचारतात, ते पासपोर्टवरच्या नावाशी जुळवून लिहा. आणि अॅप्लिकेशन आयडी, म्हणजे अर्जाचा क्रमांक, सुरुवातीलाच कागदावर उतरवून घ्या. थोडा वेळ हात लावला नाही की पान बंद पडतं, आणि त्या क्रमांकाशिवाय भरलेलं परत उघडायला त्रास होतो.

कागदपत्रांची फाईल न्या, पण ती उघडायलाही सांगतील असं नाही. बहिणीचं पत्र जोडलं तर चालेल, सक्तीचं नाही. फी माणशी १८५ डॉलर आहे, नकार आला तरी परत मिळत नाही. त्यात तिकिटांचेही पैसे अडकायला नकोत, म्हणून विमानाची तिकिटं व्हिसा हातात पडेपर्यंत काढू नका. २१४(ब)खाली नकार आलाच तर अपील नसतं, पण नव्याने फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. परिस्थितीत काही बदल झाला असेल तेव्हाच करा.

व्हिसा बहुधा १० वर्षांचा मिळतो. त्याचा अर्थ १० वर्षं राहता येतं असा नाही. किती दिवस राहायचं हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण ६ महिने देतात. कधीपर्यंत राहता येईल ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या सरकारी नोंदीत असते. आईवडील पोहोचले की बहिणीला ती ऑनलाइन बघून परतीचं तिकीट त्याच्या आतलं आहे ना, हे तपासायला सांगा.