परदेशी कामाचे पैसे पत्नीच्या खात्यावर घ्यावेत का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र आणि त्यासोबतची बँकेची पावती मिळाली. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून पत्राचा सारांश आधी देतो. तुम्ही निपाणीत राहता. पुण्यातील नोकरी सोडून गावी परतलात आणि घरूनच टेक्सासमधील एका व म्युनिकमधील एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरचे काम करता. गेल्या वर्षी १८ लाखांची बिले झाली, या आर्थिक वर्षात, म्हणजे २०२५-२६ मध्ये, ती २६ लाखांवर जातील आणि जानेवारीअखेरच्या बिलाने २० लाखांची मर्यादा ओलांडली गेली आहे. एका स्नेह्याने सुचवले, की म्युनिकच्या कंपनीचे ९ लाख पत्नीच्या नावाने बिल करून तिच्या खात्यावर घ्यावेत, म्हणजे दोघेही २० लाखांच्या आत राहाल आणि जीएसटीची भानगड टळेल. ते नको असेल, तर जीएसटीची नोंदणी कागलला मामांच्या पत्त्यावर करावी, म्हणजे कागदपत्रांचा व्यवहार मराठीतून होईल, असा दुसरा विचार तुमच्या मनात आहे.

पहिल्या सल्ल्यात मोह आहे, हे मी नाकारत नाही. आकडे मांडून पाहू. आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएप्रमाणे ठरावीक व्यावसायिकांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असावी, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत चालते. माहिती तंत्रज्ञान या व्यवसायांत अधिसूचित असल्यामुळे तुमचे काम त्यात बसते. २६ लाखांचे निम्मे १३ लाख. नव्या करप्रणालीत ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के आणि पुढच्या एका लाखावर १५ टक्के, असे मिळून ७५,००० रुपये आणि उपकरासह ७८,००० रुपये कर होतो. स्नेह्याच्या पद्धतीने तुमचे साडेआठ लाख आणि पत्नीचे साडेचार लाख उत्पन्न दिसेल. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण करसवलत असल्यामुळे दोघांचाही कर शून्य होईल. म्हणजे खरा प्रश्न जीएसटीचा नसून या ७८,००० रुपयांचा आहे, आणि तो तसाच समोर ठेवून विचार केलेला बरा.

माझे उत्तर स्पष्ट आहे: हे करू नका. म्युनिकच्या कंपनीचा करार तुमच्याशी आहे, काम तुम्ही करता, त्यांच्या बैठकांना तुम्ही बसता. उत्पन्न देणारी मूळ गोष्ट स्वतःकडे ठेवून केवळ उत्पन्न दुसऱ्याच्या नावावर वळवले, तर ते मूळ माणसाचेच धरावे, असे कलम ६० सांगते. त्यामुळे पत्नीच्या खात्यावर आलेले ९ लाख कायद्याच्या दृष्टीने तुमचेच राहतील. तिच्या नावाचे बिल मात्र न केलेल्या कामाचे बिल ठरेल आणि त्याबद्दल उद्या विचारणा झाली, तर उत्तर तिला द्यावे लागेल. तुम्ही लिहिता की त्या बीकॉम आहेत आणि घर सांभाळतात. ‘तुम्ही या जर्मन कंपनीसाठी कोणता प्रोग्राम लिहिलात?’ असा साधा प्रश्न आला, तर त्या बिचाऱ्या काय सांगतील? घरातल्या ज्या माणसाचा या व्यवहाराशी काही संबंध नाही, त्याला सह्या करायला लावून अशा जागी उभे करणे मला कधीच पटलेले नाही.

दुसरी बाजू तुमच्याच पत्राच्या शेवटी आहे. दोन-तीन वर्षांत बेळगावात फ्लॅट घ्यायचा विचार आहे, असे तुम्ही लिहिता. पगारपत्रक नसलेल्या माणसाला कर्ज देताना बँक त्याची दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे पाहते. १३ लाखांचे विवरणपत्र असेल, तर तुमचे महिन्याचे उत्पन्न १ लाख ८ हजारांच्या आसपास धरले जाईल. साडेआठ लाखांचे असेल, तर ते ७१ हजारांच्या घरात येईल. पत्नीला सहकर्जदार करून फरक भरून काढू म्हणाल, तर बँक तिच्या कामाचे करारपत्र मागेल, आणि ते अस्तित्वात नाही. शिवाय ७८,००० म्हणजे तुमच्या २६ लाखांच्या नेमके तीन टक्के. शंभरातले तीन रुपये देऊन संपूर्ण उत्पन्न स्वच्छ कागदावर येत असेल, तर तुमच्या वयाच्या आणि तुमच्यासारखी उमेद असलेल्या माणसाने ते आनंदाने द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

पत्नीच्याही नावावर काही असावे, ही तुमची इच्छा रास्त आहे. त्यासाठी फ्लॅटच्या खरेदीपत्रात दोघांची नावे घाला. त्या खरोखरच तुमचा हिशोब आणि बिलांचे काम पाहणार असतील, तर मोबदला जरूर द्या. मात्र ४४एडीएमध्ये सर्व खर्च त्या निम्म्या रकमेतच धरलेले असल्याने त्या मोबदल्याची वेगळी वजावट मिळणार नाही.

आता जीएसटी. या शब्दाची धास्ती तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सेवा देणाऱ्याची एका आर्थिक वर्षातील एकूण उलाढाल २० लाखांवर गेली, की नोंदणी बंधनकारक होते आणि ही उलाढाल मोजताना निर्यातही धरली जाते. ‘परदेशी काम आहे, त्याला जीएसटी नाही’ हे वाक्य बेळगावपासून चिकोडीपर्यंत मी अनेक तरुणांच्या तोंडून ऐकले आहे. त्यातला करापुरता भाग बरोबर आहे, नोंदणीचा मात्र चुकीचा आहे. सेवा देणारा भारतात, घेणारा भारताबाहेर, सेवेचे ठिकाण भारताबाहेर आणि पैसे परकीय चलनात, या अटी पूर्ण झाल्या, आणि परदेशी कंपनी म्हणजे तुमचीच दुसरी शाखा नसली, की ती सेवेची निर्यात ठरते आणि तिच्यावर शून्य दराने कर लागतो. तुमच्या दोन्ही कंपन्या यात बसतात. नोंदणी झाल्यावर पोर्टलवर आरएफडी-११ हा फॉर्म भरून एलयूटी नावाचे हमीपत्र द्यायचे, म्हणजे बिलावर कर न लावता निर्यात करता येते. हे हमीपत्र दर आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच आहे. उशीर झाला म्हणून निर्यातीचा लाभ नाकारू नये, अशा सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २०१८ च्या परिपत्रकात दिल्या आहेत, पण त्या भरवशावर राहू नये. बिलाचे पैसे मात्र बिलाच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत यायला हवेत. विवरणपत्रे तिमाही पद्धतीने भरता येतात.

नोंदणीचा अर्ज मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. तुमचे बिल जानेवारीअखेरचे आहे, म्हणजे आठवड्याभरात अर्ज गेला पाहिजे. मुदतीत अर्ज केला, तर नोंदणी मर्यादा ओलांडल्याच्या तारखेपासूनच लागू होते आणि मधल्या बिलांचा प्रश्न उरत नाही.

कागलचा विचार मात्र सोडून द्या. काम जिथून चालते, त्या राज्यात नोंदणी करायची असते आणि तुमचे टेबल, संगणक व इंटरनेट निपाणीत आहे. कागल आणि निपाणीत अंतर थोडे असले, तरी मधे कोगनोळीची हद्द आहे आणि नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन आकडेच बदलतात: कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७. आयकर केंद्राचा, निर्यातीवरचा आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या व्यवहारांवरचा जीएसटी, हाही केंद्रीय कायद्याखालचा, आणि व्यवसाय कराची वर्षाची कमाल मर्यादा राज्यघटनेनेच २,५०० रुपये ठरवलेली असल्याने त्यातही हद्द ओलांडून काही वाचत नाही. उलट तोटा आहे. बेळगावात टिळकवाडीतील को-वर्किंगच्या जागेसाठी तुम्ही महिन्याला ६,००० रुपये आणि त्यावर १,०८० रुपये जीएसटी भरता. त्या १,०८० मधले ५४० केंद्राचे आणि ५४० कर्नाटकाचे आहेत. महाराष्ट्रातील नोंदणीवर या कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. निपाणीतील नोंदणीवर ते मिळते आणि निर्यातदार म्हणून त्याचा परतावाही मागता येतो. वर्षाचे १२,९६० रुपये होतात. भाषेची तुमची अडचण मी समजू शकतो. सरकारी कचेरीत आपल्या भाषेचा कागद न मिळण्याचा अनुभव सीमाभागातील प्रत्येक मराठी घराला आहे. परंतु जीएसटीचे पोर्टल देशभर एकच आहे आणि अर्ज घरबसल्या होतो. घर वडिलांच्या नावावर असल्याने हेस्कॉमचे वीजबिल, घराचा उतारा आणि वडिलांचे संमतीपत्र एवढे जोडा. वीजबिलावरचा पत्ता आणि अर्जातील पत्ता अक्षरशः जुळू द्या. घर क्रमांकातील एखाद्या आकड्याच्या फरकानेही अर्ज परत येतो.

परताव्याबद्दल एक सूचना. इंटरनेट, भाडे, सॉफ्टवेअरची वर्गणी यांवरचा कर परत मागता येतो, पण नव्या लॅपटॉपसारख्या भांडवली वस्तूवरचा कर एलयूटीच्या मार्गाने परत मिळत नाही. तो हवा असेल, तर बिलावर आयजीएसटी भरून नंतर परतावा मागण्याचा वेगळा मार्ग आहे. एका लॅपटॉपसाठी मी तो सुचवणार नाही, कारण दर महिन्याला पैसे अडकून पडतात. परदेशी कंपन्यांच्या सॉफ्टवेअर वर्गणीवर नोंदणीनंतर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरण्याच्या पद्धतीने, १८ टक्के तुम्हाला रोखीने भरावे लागतील. त्याचेही क्रेडिट मिळते, फक्त विवरणपत्रात ते दाखवायला विसरू नका.

टेक्सासच्या कंपनीने मागितलेला डब्ल्यू-८बेन फॉर्म निर्धास्तपणे भरून द्या. काम निपाणीत बसून होते, त्यामुळे ते उत्पन्न अमेरिकेतले धरले जात नाही आणि तिथे कर कापला जाऊ नये, यासाठीच तो असतो.

सर्वांत जास्त काळजी मला तुमच्या पत्रासोबतच्या पावतीने वाटली. गेल्या एप्रिल आणि मे महिन्यांतील दोन रकमा तुमचे खाते तयार नव्हते म्हणून वडिलांच्या खात्यावर घेतल्या गेल्या. पावतीवर पाठवणाऱ्याच्या जागी टेक्सासच्या कंपनीचे नाव आहे, आणि खालच्या ओळीत उद्देशाचा कोड पी१३०१. हा कोड परदेशस्थ भारतीयाने कुटुंबाच्या चरितार्थासाठी पाठवलेल्या पैशांचा असतो. बहुधा काउंटरवर वडिलांनी ‘मुलाचे पैसे आहेत’ असे सांगितले असावे आणि समोरच्या कर्मचाऱ्याने तसा कोड टाकला असावा. यात कोणाचा वाईट हेतू नाही, परंतु कागद असा बोलतो, की तुमच्या वडिलांना परदेशातून घरखर्च येतो, आणि तुमच्या निर्यातीचा पुरावा तेवढ्यापुरता नाहीसा होतो. वडिलांची तंबाखूची शेती असल्याने ही रक्कम शेतीच्या उत्पन्नात दाखवता येईल का, हे तुम्ही विचारले आहे. मुळीच नाही. शेतीचे उत्पन्न जमिनीतून यावे लागते.

या दोन्ही रकमा तुमच्या २६ लाखांत धरलेल्याच आहेत, त्या तशाच राहू द्या. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज करून कोड दुरुस्त करण्याची विनंती करा. सॉफ्टवेअर सल्लासेवेसाठी पी०८०२ हा कोड आहे. अर्जाला कंपनीशी झालेला करार व त्या दोन महिन्यांची बिले जोडा, रक्कम वडिलांच्या खात्यातून तुमच्या खात्यावर बँकेमार्फतच वळवा, आणि प्रत्येक रकमेची परकीय चलन आल्याची पावती मागून घ्या. जीएसटीच्या परताव्यासाठी तीच लागेल.

आयकराचे ७८,००० रुपये १५ मार्चच्या आत आगाऊ कर म्हणून भरा. परदेशी कंपन्या टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे हा भार पूर्णपणे तुमच्यावर आहे, आणि ४४एडीए स्वीकारणाऱ्याला चार हप्त्यांऐवजी एकाच हप्त्याची मुभा आहे. तो चुकला तर व्याज लागते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने पुढील वर्षी कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. या वर्षाचा हिशोब मात्र जुन्याच क्रमांकांनी होईल.

बँकेचा अर्ज आधी करा. खाते वडिलांचे असल्याने त्यावर त्यांची सही लागेल. त्यांना सोबत घेऊन जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परतू नका.