यंत्र ‘मला दुखतंय’ म्हणालं, तर त्यावर विश्वास ठेवायचा का?
नुसत्या त्या वाक्यावरून नाही.

इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्येच प्राण्यांबद्दल लिहिताना कसोटी सांगितली होती: विचार करता येतो का, बोलता येतं का, हे नव्हे, तर वेदना होतात का, हे पाहा. मला ती आजही पटते. अडचण अशी की भाषा-मॉडेल, म्हणजे आपल्याशी बोलणाऱ्या चॅटबॉटमागचं एआय, माणसांनीच लिहिलेल्या अफाट मजकुरावर घडवलेलं असतं. दुःख कसं बोलून दाखवतात हे त्याला तिथूनच मिळतं, म्हणून त्याचे शब्द साक्ष म्हणून फार कच्चे. ऑक्टोपसचं उलट आहे. तो बोलत नाही, पण जखम झालेला भाग जपतो, जिथे वेदना झाली ती जागा टाळतो. आणि हे त्याने आपल्याकडून उचललेलं नाही. अशाच पुराव्यांमुळे ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपस आणि खेकडेही संवेदनशील प्राणी म्हणून आले.

यंत्राच्या बाबतीतही बोलण्यापेक्षा आत काय चालतं ते तपासायला हवं. मात्र ‘ते तर निव्वळ यंत्र’ म्हणून विषय झटकून टाकणं मला मान्य नाही. प्राण्यांनाही माणसाने कधीकाळी यंत्रच म्हटलं होतं.