वहिनींचा व्हजायनोसिसचा रिपोर्ट: जनुकीय तपासणी करावी का?

तुम्ही घणसोलीहून विचारलंय: वहिनींचं पहिलं बाळंतपण ३०व्या आठवड्यात पाणी जाऊन झालं, आता चौदावा आठवडा आहे, अंगावरून पांढरं जातंय, स्वॅबमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं) निघालंय आणि लॅबवाले टीएनएफ जनुकाची तपासणी सुचवतायत. करावी का? माझं मत, नको. ते पैसे सोनोग्राफीला लागतील.

लॅबवाल्यांच्या बोलण्याला आधार आहे. टीएनएफ हे सूज भडकवणारं प्रथिन. सूज वाढली की पाण्याच्या पिशवीचं आवरण कमकुवत होतं, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढून कळा येतात. २००४च्या एका अमेरिकी अभ्यासात, व्हजायनोसिस असलेल्या ज्या बायकांत या जनुकाच्या ३०८व्या जागी बदल होता, त्यांच्यात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता सुमारे सहापट दिसली. पण अभ्यास लहान होता, पुढे सगळीकडे तसाच निकाल आला नाही. आणि तपासणीत काहीही निघालं तरी औषध तेच राहतं. त्यापेक्षा वहिनींच्या आईचं किंवा बहिणीचं बाळंतपण लवकर झालं होतं का, ते डॉक्टरांना सांगा. ही माहिती फुकट आहे आणि जास्त कामाची.

रिपोर्ट मात्र नीट वाचा. नुजेंट स्कोअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहून दिलेले गुण, ७ ते १० असेल तरच व्हजायनोसिस. ४ ते ६ म्हणजे अधलंमधलं. स्कोअर नसेल तर चारपैकी तीन खुणा हव्यात: पातळ, एकसारखा स्राव, पीएच (आम्लतेचं माप) ४.५च्या वर, लॅबमध्ये स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच सुक्या बोंबलासारखा वास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्लू सेल, म्हणजे जंतू चिकटून कडा पुसट, दाणेदार झालेल्या पेशी. नुसत्या पीएचवर जाऊ नका. रक्त, वीर्य किंवा गर्भजल मिसळलं तरी तो वाढतो.

उपचार सहसा मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस, अर्थात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. मेडिकलवाला 'पांढऱ्या पाण्याचं किट' देईल, ते कृपा करून घेऊ नका. त्यात बहुधा फ्लुकोनाझोलची, म्हणजे बुरशीवरची, गोळी असते आणि गरोदरपणात ती टाळतात. बुरशी असलीच तर क्लोट्रिमाझोल योनीतून, सात दिवस.

गोळ्यांनी त्रास थांबेल, पण लवकर प्रसूती टळेलच असं नाही. फ्रान्समध्ये ८० हजारांहून जास्त गरोदर बायका तपासून, कमी जोखमीच्या पण व्हजायनोसिस निघालेल्यांना क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं. फरक पडला नाही. म्हणून खरा पहारा गर्भाशयमुखाच्या लांबीवर. १६ ते २४ आठवड्यांत योनीमार्गे सोनोग्राफी करून ती पुन्हा पुन्हा मोजायची. २५ मिलिमीटरच्या खाली गेली तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन द्यायचं की गर्भाशयमुखाला टाका घालायचा, याचा निर्णय तिथल्या तिथे होतो. लघवीचं कल्चरही (जंतू वाढतात का, याची तपासणी) एकदा कराच. नमुना मधल्या धारेचा, दोन तासांत लॅबमध्ये पोचलेला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे जुनी सगळी कागदपत्रं घेऊन जा.

पाणी झिरपतंय असं वाटलं तर स्वच्छ पॅड लावायचं, वेळ आणि रंग लिहून ठेवायचा, आत बोट किंवा काहीही घालायचं नाही आणि लगेच दवाखान्यात निघायचं, अगदी रात्री दोन वाजलेले असले तरी.