वाचक विचारतात: रेल्वेगाडीचा तोटा नेमका असतो कशात?

या महिन्यात बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातून आलेल्या पत्रांत रेल्वेविषयीच सगळ्यात जास्त विचारणा आहे. सरकारने प्रवासी गाड्यांवर पैसा घालावा का, की हे काम खासगी कंपन्यांकडे द्यावे, असा त्यांचा रोख. निवडक प्रश्नांना आमच्या रेल्वे-अभ्यासकांनी दिलेली उत्तरे अशी.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, खानापूर): रेल्वेच्या तिकिटावरच छापलेले असते की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. इतका तोटा असेल तर एवढ्या पॅसेंजर गाड्या चालवायच्या कशाला?

उत्तर: तो आकडा ढोबळमानाने खरा आहे, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. मार्च २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले की एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्याचा खर्च १ रुपया ३८ पैसे येतो आणि भाडे मिळते ७३ पैसे. बेळगाव ते मिरज हे अंतर सुमारे १३८ किमी धरा. खर्च होतो १९० रुपये, वसुली १०१. ही देशभरची सरासरी आहे. साध्या पॅसेंजरच्या तिकिटात तर १०१ रुपयेही येत नाहीत.

आता त्या १९० रुपयांत काय काय धरलेले असते ते बघा. रूळ आणि सिग्नलची देखभाल, स्टेशन मास्तरांचे पगार, निवृत्तांचे पेन्शन, कार्यालयांचा खर्च, हे सगळे प्रवासी आणि मालगाड्यांत वाटून टाकतात. उद्या मिरज-लोंढा मार्गावरची एक पॅसेंजर रद्द केली तर वाचते काय? वीज, चालक आणि गार्डच्या ड्युटीचा खर्च, डब्यांची देखभाल. रूळ, सिग्नल, स्टेशन मास्तर यांतले काहीच कमी होत नाही, कारण त्याच मार्गावरून मालगाड्याही धावतात. म्हणून सरासरी तोटा किती, हे विचारून उपयोग नाही. ही गाडी बंद केली तर खरोखर किती पैसे वाचतील आणि किती माणसांना रेल्वे सोडून रस्त्याने जावे लागेल, हे विचारायला हवे. असा हिशेब गाडीनिहाय जाहीर व्हायला हवा, आणि तो होत नाही ही आमची रेल्वेबद्दलची मोठी तक्रार आहे.

याच हिशेबाने सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे चालू गाडीला दोन जनरल डबे वाढवणे. एका डब्यात बसून ९० ते १०० माणसे जातात. चालक तोच, गाडीला लागणारी मार्गावरची वेळ तीच, वीज थोडी जास्त. अडचण येते ती फलाटाच्या आणि पिट लाइनच्या लांबीची. डबे फलाटाबाहेर उभे राहिले की म्हाताऱ्याकोताऱ्यांना खडीवर उतरावे लागते. पिट लाइन, म्हणजे डबे खालून तपासण्याचा खड्डा, आखूड असेल तर गाडी दोन तुकड्यांत तोडून तपासावी लागते आणि तासन्‌तास जातात. वाढीव डब्यांची मागणी करताना या दोन लांब्या आधी माहिती करून घ्या.

प्रश्न (व्यापारी, शहापूर, बेळगाव): विमान कंपन्या खासगी चालतात, मग रेल्वेगाड्या का नाहीत?

उत्तर: प्रयत्न झाला. जुलै २०२० मध्ये रेल्वेने १०९ मार्गांवर १५१ आधुनिक गाड्या खासगी कंपन्यांकडून चालवून घ्यायचे ठरवले. अपेक्षित गुंतवणूक ३०,००० कोटी, करार ३५ वर्षांचा. वर्षभराने निविदा उघडल्या तेव्हा या मार्गांच्या बारा गटांपैकी तीनच गटांसाठी बोली आल्या, त्याही दोनच कंपन्यांच्या, आणि त्यांतली एक रेल्वेचीच आयआरसीटीसी. योजना गुंडाळावी लागली.

कारण करारातच होते. गाडी कंपनीने आणायची, प्रवासी मिळण्या-न मिळण्याची जोखीमही तिचीच. रूळ, सिग्नल, वेळापत्रक, चालक आणि गार्ड मात्र रेल्वेचे. रूळ वापरल्याचे ठरलेले शुल्क गाडी रिकामी गेली तरी भरायचे, वर उत्पन्नात वाटा द्यायचा. आणि त्याच रुळावर रेल्वेची स्वतःची गाडी निम्म्या भाड्यात धावणार. असा धंदा कोण करील?

इटलीत २०१२ पासून खासगी आणि सरकारी अतिवेगवान गाड्या एकाच मार्गावर स्पर्धेत चालतात आणि भाडी उतरली आहेत. पण तिथे मार्ग सरकारी पैशाने आधी बांधून तयार होता. ब्रिटनने १९९०च्या दशकात सगळेच खासगी केले, रूळ सांभाळणारी कंपनी कोसळल्यावर २००२ मध्ये ती यंत्रणा पुन्हा सार्वजनिक हातात घेतली, आणि आता गाड्याही परत घेत आहेत. नव्या कायद्याखाली मे २०२५ मध्ये त्यांनी परत घेतलेली पहिली कंपनी ‘साउथ वेस्टर्न रेल्वे’, म्हणजे आपल्या हुबळीच्या झोनची नावबहीण.

पर्यटन गाड्या, खाणेपिणे, स्टेशनवरचे गाळे खासगीकडे जाऊ द्या. खानापूरहून सकाळी बेळगावला कामाला येणाऱ्याची गाडी कोणतीही कंपनी नफ्यात चालवू शकणार नाही. ती हवी असेल तर सार्वजनिक पैसाच लागेल.

प्रश्न (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, टिळकवाडी): दुहेरीकरणावर शेकडो कोटी घालण्यापेक्षा तेवढ्यात आणखी वंदे भारत घेता आल्या नसत्या का?

उत्तर: गाड्या घेता आल्या असत्या, चालवता आल्या नसत्या. एकेरी मार्गाची क्षमता काढायला स्कॉटचे सूत्र वापरतात. दोन स्टेशनांमधला सगळ्यात वेळखाऊ टप्पा निवडायचा. सगळ्यात संथ गाडीला तो ओलांडायला लागणारी मिनिटे आणि लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा टप्पा मोकळा असल्याची परवानगी, घेण्याची साधारण ५ मिनिटे यांची बेरीज करायची, तिने दिवसाच्या १४४० मिनिटांना भागायचे आणि उत्तराला ०.७ ने गुणायचे. समजा मालगाडीला तो टप्पा ओलांडायला २० मिनिटे लागतात. १४४० भागिले २५ म्हणजे ५७.६, त्याचे ७० टक्के म्हणजे ४०. दोन्ही दिशा धरून दिवसाला चाळीस गाड्या. एकेचाळिसावी घातली की प्रत्येक गाडी क्रॉसिंगसाठी कुठे ना कुठे उभी राहते. सुळधाळला नाहीतर पाच्छापूरला गाडी ‘विनाकारण’ थांबायची त्याचे कारण हेच.

लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरीकरणाला सुमारे ९३० कोटी लागले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते राष्ट्रार्पण झाले. त्याच दिवशी सुमारे १९० कोटींच्या नव्या बेळगाव स्टेशनचेही उद्‌घाटन झाले. आमच्या मते यांत पहिला खर्च जास्त मोलाचा, कारण त्याचा लाभ पॅसेंजरपासून मालगाडीपर्यंत सगळ्यांना होतो. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये आणि बेळगाव-बेंगळुरू ऑगस्ट २०२५ मध्ये आली, ती मार्ग मोकळा झाल्यावर. बेंगळुरूचे सुमारे ६१० किमी ती साडेआठ तासांत तोडते. तिला जनरल डबा नाही, हे विसरू नका. मोकळी झालेली सगळी वेळ महागड्या गाड्यांना गेली तर दुहेरीकरणाचा पैसा सगळ्यांचा आणि सोय मोजक्यांची असे होईल.

प्रश्न (शेतकरी, देसूर परिसर): कित्तूरमार्गे धारवाडची नवी लाइन आमच्या पिकाऊ जमिनीतून काढायची गरज काय?

उत्तर: लाइनची गरज खरी आहे. आज बेळगावहून धारवाडला जाताना लोंढा-अळणावरचा वळसा पडतो. त्यामुळे बसच्या वेळेशी गाडी स्पर्धा करू शकत नाही. नवी लाइन ७३ किमीची, मंजुरीवेळचा खर्च ९२७ कोटी, म्हणजे किलोमीटरला पावणेतेरा कोटींच्या आसपास. निम्मा खर्च आणि सगळी जमीन कर्नाटक सरकारने द्यायची. पण गरज खरी म्हणजे आखणी पवित्र असे नाही. देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी भागातल्या शेतकऱ्यांनी पर्यायी मार्ग मागितला आहे, त्याचा तांत्रिक खुलासा आकड्यांनिशी मिळालाच पाहिजे: चढ किती, वळण किती, पूल किती, कुठली जमीन जाते.

नोटीस हाती आली की ती कोणत्या कायद्याखाली आहे हे प्रथम वाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हरकतीला ६० दिवस मिळतात, रेल्वे कायद्याच्या कलम २०-ड खाली ३० च. हरकत लेखी द्या, पोच घ्या. उताऱ्यावर वारसांची नावे चढलेली नसतील तर भरपाई अडकते. ते काम आजच करा. संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि विहीर, बोअर, पाइपलाइन, प्रत्येक झाड पंचनाम्यात लिहून घ्या. राहिले की मागाहून घालणे फार अवघड जाते.

उशिराची किंमतही मोजा. बागलकोट-कुडची ही १४२ किमीची लाइन २०१०-११ मध्ये मंजूर झाली, तिचाही खर्च असाच निम्मा-निम्मा. जमीन तुकड्यातुकड्याने मिळाली, पैसा हप्त्याहप्त्याने आला, आणि दीड दशकात ती पुरी झाली नाही. अर्धवट लाइनवर घातलेला पैसा मात्र खऱ्या अर्थाने तोट्यात जातो.

प्रश्न (गृहिणी, निपाणी): आमच्या गावाला रेल्वे कधी?

उत्तर: ताई, नव्या लाइनची वाट पाहू नका. सुमारे ४० किमीवरच्या कोल्हापूर स्टेशनला गाडीच्या वेळेवर जोडबस मिळाली तर त्याचा उपयोग लवकर होईल, आणि खर्च नगण्य. एक अडचण आहे: महिलांसाठीच्या ‘शक्ती’ योजनेचा मोफत बसप्रवास कर्नाटकाच्या हद्दीपुरता आहे, कोल्हापूरच्या बसला तो चालत नाही. जोडबस मागताना दोन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांना अर्ज द्या.

प्रश्न (नोकरदार, खानापूर): एक्स्प्रेसला थांबा मागतो, पण ‘प्रवासी कमी’ असे उत्तर येते. काय करावे?

उत्तर: थांबा बहुधा सहा महिने प्रायोगिक देतात आणि त्या काळातली तिकीटविक्री तपासतात. बरेच जण तिकीट बेळगावपासून काढतात आणि बोर्डिंग खानापूर करतात. ती विक्री बेळगावच्या नावावर जाते. तिकीट खानापूरपासूनच काढा, पलीकडचे परतीचे तिकीटही खानापूरपर्यंतचेच घ्या. गट जात असेल तरी प्रत्येकाचे तिकीट हवे. निवेदनात गाडीचा क्रमांक, हवा असलेला थांबा, त्या वेळेला दुसरी गाडी कोणती आणि किती तासांनी आहे, एवढे चार मुद्दे पुरेत. ते हुबळी विभागीय व्यवस्थापकांना, विभागीय प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्याला आणि खासदारांना द्या. गाडी मिरजेच्या पलीकडे जाणारी असेल तर पुणे विभागालाही प्रत पाठवा, कारण मिरज मध्य रेल्वेत येते आणि दोन्ही झोनची संमती नसेल तर वेळ बदलत नाही. नवे वेळापत्रक लागू होण्याच्या बरेच आधी प्रस्ताव पक्के होतात, तेव्हा अर्ज आत्ताच करा.