वाचक विचारतात: एकटीनेच कॉन्सर्टला जाऊ का?

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात एका मोठ्या शहरात शनिवारी संध्याकाळी वेस्टर्न क्लासिकलची सिम्फनी कॉन्सर्ट आहे आणि रविवारी रात्री माझ्या आवडत्या बँडचा शो. तिघींचं ठरलं होतं, पण दोघींनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. माझी तिकिटं काढून झालीयेत, शहर नवीन आहे. भीती वाटत नाही पण कसंतरीच वाटतंय, इंटरव्हलमध्ये एकटीच उभी राहून काय करू आणि मधला अख्खा रविवार कसा घालवू? – एक वाचक, वय २५

उत्तर: जा गं, बिनधास्त जा. मी स्वतः बऱ्याचदा एकटीच जाते आणि माझं मत सांगायचं तर काही कार्यक्रम एकटीनेच ऐकावेत. सोबत कोणी असलं की अर्धं लक्ष त्यांना आवडतंय का, कंटाळा तर नाही ना आला याच्यात जातं. एकटी असलीस की दोन्ही कान तुझेच.

सिम्फनीला वीसेक मिनिटं आधी जाऊन बस. वादक एकेक करून स्टेजवर येतात आणि आपापला अवघड तुकडा घोटत बसतात, कोपऱ्यात कोणी क्लॅरिनेटवर तीच एक ओळ पुन्हा पुन्हा वाजवतंय, तिकडे डबल बासवाला खालचे सूर तपासतोय, सगळं एकमेकांत मिसळून नुसता कल्लोळ. मग सगळे गप्प होतात, ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एकच लांब ‘ए’ सूर धरतं, ४४० हर्ट्झच्या आसपासचा, आणि अख्खा ऑर्केस्ट्रा त्याला आपली वाद्यं जुळवून घेतो. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. आणि नंतर मूळ रचनेत ती क्लॅरिनेटची ओळ आली की तू ओळखशील, अरे हीच ती! गप्पांच्या नादात हे हमखास निसटतं.

इंटरव्हलचं म्हणशील तर प्रोग्रॅमची पुस्तिका वाच, नाहीतर हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून स्टेज कसं दिसतं ते बघून ये. तिकडे एकटी आलेली माणसं भरपूर असतात, कोणी तुझ्याकडे बघत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांशी बोलावंसं वाटलं तर बोल, अशा लोकांकडे किस्से फार असतात.

आता रविवार. इथे मी जरा आग्रहाने सांगते, दिवस भरून टाकू नकोस. लोक सकाळपासून चार म्युझियम, दोन बाजार, एक टॉवर करतात आणि रात्री बँड स्टेजवर येईपर्यंत पाय गेलेले असतात, उभ्याच्या शोला तीन तास उभं राहायचंय हे विसरतात. एकच भाग निवड, नदीकाठ असो की जुनी वस्ती, आणि पायी फिर, हेडफोन न लावता. आदल्या रात्रीचं संगीत डोक्यात चालूच असतं त्याला जरा वाव दे. जुन्या मोठ्या चर्चमध्ये डोकावून बघ, कधीकधी दुपारी ऑर्गनचा सराव चालू असतो. मोठं म्युझियम असेल तर दोन दालनं बघ आणि बाहेर पड. आणि उजेड आहे तोवर शोच्या जागेवरून एक चक्कर मार, गेट कुठे, स्टेशनचा रस्ता कुठला ते बघून ठेव. रात्री हजारो लोक एकदम बाहेर पडतात तेव्हा मॅप बघत उभं राहायला नको.

प्रश्न: शोवरून आलं की कानात दुसऱ्या दिवशीपर्यंत शिट्टी वाजत राहते. मित्र म्हणतात नॉर्मल आहे. खरंच का?

उत्तर: सगळ्यांना होतं म्हणून ते चांगलं आहे असं नाही. आपल्या प्रत्येक आतल्या कानात साधारण १५-१६ हजार केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी, असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. कामाच्या जागेसाठी जो हिशोब वापरतात तो असा की ८५ डेसिबलचा आवाज ८ तास चालेल, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली आणि सोबत इअरप्लग आणि शांत बसायला वेगळी जागा द्या असंही सांगितलं.

म्हणून इअरप्लग घेच, फोमचे नको, म्युझिकसाठीचे फिल्टरवाले मिळतात ते घे. फोमने वरचे सूर जास्त कापले जातात आणि गाणं गुदमरल्यासारखं ऐकू येतं, फिल्टरवाल्यात सगळंच थोडं थोडं कमी होतं आणि शब्दही नीट कळतात. स्पीकरच्या भिंतीपाशी उभा राहू नकोस. साउंड इंजिनियरचं टेबल असतं ना, त्याच्या आसपास थांब, तो तिथे ऐकूनच सगळं मिक्स करतो त्यामुळे आवाज तिथे चांगला लागतो. मोठ्या मैदानात फार मागे असलास तर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणून मागच्या टॉवरवरचे स्पीकर मुद्दाम तेवढा उशीर देऊन लावतात. आणि शिट्टी दोन-तीन दिवसांत थांबली नाही किंवा ऐकायला कमी येतंय असं वाटलं तर अंगावर काढू नकोस, कानाच्या डॉक्टरकडे जा.

प्रश्न: चांगल्या हॉलची तिकिटं परवडत नाहीत. स्वस्तातल्या सीट घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर: आहे की! एकट्या माणसाला इथे फायदाच आहे, मधली एखादी सुटी सीट उरलेली असते ती जोडप्यांना चालत नाही. उभ्याची तिकिटंही बघ. लंडनचे प्रॉम्स, म्हणजे तिथला दर उन्हाळ्यातला क्लासिकल मैफलींचा महोत्सव, १८९५ पासून चालू आहेत आणि आजही रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लोक उभे राहून स्वस्तात ऐकतात. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन या हॉलमध्येही मागे उभ्याची जागा आहे. फक्त रचना किती लांब आहे ते आधी बघ, मालर या संगीतकाराची तिसरी सिम्फनी दीड तासाच्या वर जाते.

बर्लिनच्या फिलहार्मोनीसारख्या हॉलमध्ये, १९६३ चा आहे तो, प्रेक्षक स्टेजच्या चारही बाजूंना बसतात. ऑर्केस्ट्राच्या मागच्या सीटवरून कंडक्टरचा, म्हणजे हातांच्या इशाऱ्यांनी ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचा, चेहरा दिसतो, मला स्वतःला ती जागा भयंकर आवडते. पण गायक असेल तर तिथे नको, त्यांचा आवाज समोर जातो.

प्रश्न: टाळ्या कधी वाजवायच्या तेच कळत नाही, चुकीच्या जागी वाजवल्या तर?

उत्तर: सिम्फनीचे साधारण चार भाग असतात, मधल्या थांब्यांना हल्ली वाजवत नाहीत. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा, बस्स. आणि मध्येच वाजल्या तरी मनाला लावून घेऊ नका. १७७८ मध्ये मोझार्टने पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं होतं की सिम्फनीच्या पहिल्याच भागात, वाजवणं चालू असताना, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो खूश होता!

प्रश्न: मुलगी पहिल्यांदाच एकटी शोला चाललीये, रात्री उशीर होणार. तिला काय सांगू? – एक आई

उत्तर: शेवटची ट्रेन किती वाजता आहे ते तिने घरातून निघण्याआधीच बघावं, शो लांबतात आणि एन्कोर, म्हणजे लोकांच्या आग्रहाखातर शेवटी वाजवलेली जादा गाणी, तर लांबतोच, तेव्हा एन्कोर ऐकायचा की ट्रेन पकडायची हे गर्दीत उभं राहून नाही, आधीच ठरवलेलं असावं. राहायची जागा हॉलपासून चालत जाण्यासारखी मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या. फोन पूर्ण चार्ज, तिकिटाचा स्क्रीनशॉट काढलेला, कारण गेटवर नेटवर्क हमखास जातं, आणि राहायच्या जागेचा पत्ता कागदावरही लिहिलेला. शो चालू असताना फोन करत राहू नका ताई, तिला ऐकूच येणार नाही आणि तुमचा जीव उगाच टांगणीला लागेल. रूमवर पोचल्यावर एक मेसेज टाक, एवढंच ठरवा.