कुत्र्यांच्या चिकनआधी त्या बॉण्डचं बघा

पत्र असं आहे:

"नमस्कार सर. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. माझं वय 54, यजमान 58. दोन महिन्यांपूर्वी ते अंबडच्या कंपनीतून निवृत्त झाले. फ्लॅट स्वतःचा आहे, कर्ज नाही, मुलीचं लग्न झालं. घरात आम्ही दोघं, 30 किलोचा लॅब्राडोर बंड्या आणि रस्त्यावरून उचलून आणलेली 16 किलोची चिंगी. दोघांच्या तयार ड्राय फूडवर महिन्याला 9,000 रुपये जातात. मी 6,500 चा स्लो कुकर बघून ठेवलाय. रात्री लावला की सकाळी जेवण तयार. चिकन, ब्राऊन राइस, राजमा, लाल भोपळा, गाजर, मटार अशी कृती मिळाली आहे, चवीला थोडा लसूण घालीन. माझ्या हिशोबाने 4,000 मध्ये भागेल. उरलेल्या 5,000 ची म्युच्युअल फंडात एसआयपी केली तर 18 टक्क्यांनी दहा वर्षांत किती होतील? कुकर घ्यावा का?

घरखर्च महिन्याला 45,000. मी शिकवण्या घेते, त्याचे 10,000 येतात, यजमानांची पेन्शन 4,000. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून 42 लाख आले. 35 लाखांची साडेसहा टक्क्यांनी एफडी केली. 5 लाख बँकेतल्या साहेबांनी सांगितलेल्या 12 टक्क्यांच्या योजनेत टाकले, दरवर्षी 5 लाख असे सात वर्षं भरायचे आहेत, त्यामुळे तिकडची काळजी नाही. 22 दिवसांपूर्वी त्याचा बॉण्डही घरी आला. 2 लाख सेव्हिंगला आहेत. कंपनीचा मेडिक्लेम बंद झाला, यजमानांना साखर आहे पण गोळीवर आहे."

ताई, नमस्कार. कुकरचं उत्तर देतो, पण आधी ज्याची तुम्हाला काळजी वाटत नाही ते. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला मेल केली होती की बॉण्ड घेऊन उद्याच विमा कंपनीच्या शाखेत जा. का, ते आता सविस्तर लिहितो.

तुम्ही घेतलेली ती योजना म्हणजे आयुर्विमा पॉलिसी आहे. एफडीशी तिचा काही संबंध नाही. पॉलिसीचे कागद, म्हणजे तुमचा तो बॉण्ड, हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत ती कारण लिहून परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचा विम्याचा खर्च, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी सगळी रक्कम परत मिळते. तुमचे 22 दिवस पत्र लिहिताना संपलेले होते. एकतिसाव्या दिवशी हीच पॉलिसी मोडायला गेलात तर ती सरेंडर धरतात आणि 5 लाखांतला मोठा तुकडा जातो. म्हणून चिकनचा भाव नंतर.

बॉण्डसोबतच्या तक्त्याचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. सात वर्षं 5 लाख, म्हणजे 35 लाख भरायचे. पंधराव्या वर्षाच्या शेवटी हातात 62 लाख. आता बघा. पहिला हप्ता पंधरा वर्षं तिथे राहणार, शेवटचा नऊ वर्षं, सरासरी बारा. 6 टक्के दराने पैसा बारा वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे 35 चे 70 व्हायला हवेत. इथे 62 होताहेत. दर बसतो 5 टक्क्यांच्या आतबाहेर. तुमची साधी एफडीसुद्धा त्याहून जास्त देते.

मग 12 टक्के आले कुठून? असा हिशोब मी अनेक निवृत्त माणसांच्या डायऱ्यांत पाहिला आहे. 35 वर 27 लाख फायदा म्हणजे 77 टक्के, त्याला भरण्याच्या सात वर्षांनी भागलं की 11, आणि बोलताना 12. पैसे पंधरा वर्षं अडकतात हे भागाकारात येतच नाही. हे सांगणाऱ्याला हिशोब येत नाही असं मला वाटत नाही. ग्रॅच्युइटी ज्या आठवड्यात खात्यावर जमा होते त्याच आठवड्यात हा फोन येतो, आणि ज्या खुर्चीवर वीस वर्षं विश्वास ठेवला त्या खुर्चीतून येतो. मला याचा मनापासून राग आहे.

फोटोतल्या दुसऱ्या पानावर प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा मागणारा अर्ज आहे. तो तुम्ही वाचला होता का? तुमच्या नावापुढे व्यवसाय "बिझनेस" आणि वार्षिक उत्पन्न 12,00,000 लिहिलं आहे. शिकवण्यांतून तुम्हाला वर्षाला 1,20,000 मिळतात. एक शून्य वाढवलं नसतं तर वर्षाला 5 लाखांचा हप्ता कुणी मंजूरच केला नसता. खाली सही तुमची आहे.

आणि हा हप्ता भरणार कशातून? खर्च वर्षाला 5.4 लाख. पेन्शन आणि शिकवण्या धरून 1.7 लाख येतात. तूट 3.7 लाख. एफडीचं व्याज या वर्षी 2.3 लाख, म्हणजे घर चालवायलाच मुद्दलाला हात लागतोय. त्यातून दरवर्षी आणखी 5 लाख काढा. दुसऱ्या हप्त्यानंतर 35 चे 28.6 राहतील, तिसऱ्यानंतर 22 च्या आत, चौथ्यानंतर 14.5, पाचव्यानंतर 6.7. सहाव्या हप्त्याच्या वेळी खात्यात साडेतीन लाखही नसतील. हे महागाई शून्य धरून. तेव्हा यजमान 63 चे असतील, हातात एक अर्धवट पॉलिसी आणि शून्य एफडी. ताई, तुम्ही बंड्या-चिंगीच्या ताटात पाच हजार शोधताय आणि हे भगदाड "काळजी नाही" या दोन शब्दांत मिटवलंय.

पॉलिसी परत करण्याचा अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्यायचा, बँकेत नाही. सोबत मूळ बॉण्ड, रद्द केलेला चेक. कारण एका वाक्यात: "12 टक्के व्याजाची योजना म्हणून सांगितली, अटी तशा नाहीत, उत्पन्न चुकीचं लिहिलं आहे." दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोच अर्ज कंपनीच्या ईमेलवरही पाठवा. बँकेतून फोन येईल, "मॅडम, नुकसान होईल, दोन दिवस थांबा, साहेब स्वतः येताहेत." त्यांना चहा द्या, पण थांबू नका. ते दोन दिवस तुमच्या तीसमधले आहेत. खात्यावर हप्त्याचं ऑटो डेबिट लावलं असेल तर तेही लेखी रद्द करा. कंपनीने आडकाठी केली तर विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, आणि तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. बॉण्ड ज्या पाकिटातून आला ते पाकीट फेकलं नसेल अशी आशा करतो, पोचल्याची तारीख सिद्ध करायला ते लागेल.

दुसरं घड्याळही चालू आहे आणि तेही तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टातली. साठीनंतर कुणालाही, पण 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यांनाही खातं उघडता येतं, अट एवढीच की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत उघडायचं. तुमचे दोन गेले. व्याज 8.2 टक्के, मर्यादा 30 लाख, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. 30 लाखांवर तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. हेच 30 लाख आज एफडीत महिन्याला सव्वासोळा हजार देतात. फरक 4,250. कुत्र्यांच्या जेवणातून तुम्हाला जे काढायचं आहे, जवळपास तेवढं पोस्टाच्या काउंटरवर पडलंय. एफडी मोडताना अर्धा-एक टक्का कापतील, दोन महिन्यांच्या एफडीवर ते किरकोळ आहे.

विम्याचे 5 लाख परत आले की 40 लाख होतात. 30 या योजनेत, 9 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत 7.4 टक्क्यांनी, त्याचे महिन्याला साडेपाच हजार. उरलेला एक लाख आणि सेव्हिंगचे दोन अडीअडचणीला हात न लावता. पेन्शन, शिकवण्या धरून महिन्याला 40,000 जमतात. खर्च 45,000. तूट अकरा-बारा हजारांवरून पाचवर आली.

पण मेडिक्लेम त्यात नाही, आणि तो एसआयपीच्या कितीतरी आधी हवा. "साखर आहे पण गोळीवर आहे" असं लिहिलंत. गोळीवर आहे म्हणूनच तर घाई. कंपनीचा ग्रुप विमा ज्या विमा कंपनीचा होता तिथेच वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे याच आठवड्यात विचारा, म्हणजे जुन्या आजारासाठीची वाट बघण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागणार नाही. नव्याने घेतला तर ती तीन वर्षांपर्यंत असू शकते. साखर फॉर्ममध्ये लिहा, लपवू नका. दोघांचा 10 लाखांचा विमा वर्षाला 40 ते 50 हजारांत बसेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. म्हणजे महिन्याला आणखी चार हजार. हे भरायला मी यजमानांना एक विनंती करीन. 58 व्या वर्षी हाताला कसब असलेल्या माणसाला सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपमध्ये अर्धवेळ काम मिळू शकतं. बारा हजार जरी आणले तरी तूट भरते, मेडिक्लेमही निघतो आणि दोनेक हजारांच्या एसआयपीला खरा पैसा मिळतो.

आता बंड्या आणि चिंगी. दोघांना मिळून दिवसाला साधारण 2,200 कॅलरी लागतात. तुमच्या 4,000 मध्ये दिवसाला जेमतेम पाव किलो चिकन बसेल, त्यात एकटी चिंगी जेमतेम भागेल. दोघांना 700 ग्रॅम बिनहाडाचं चिकन, 200 ग्रॅम तांदूळ, पाव-अर्धा किलो भोपळा-गाजर, दोन अंडी, थोडं तेल लागेल. चिकनचेच दोनशे रुपये होतात. भात, भाजी, अंडी, तेल मिळून चाळीस-पंचेचाळीस. कुत्र्यांसाठीचं व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण तीस. अडीचशे वॉटचा कुकर सात तास म्हणजे पावणेदोन युनिट, त्याचे अठरा-वीस. दिवसाला 300, महिन्याला 9,000. आज जे देताय तेच. बचत शून्य.

मिश्रण वगळून स्वस्त करायचा मोह होईल, तो टाळा. चिकन-भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नसतं, ते मग हाडांतून ओढलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागाने 2013 मध्ये घरगुती जेवणाच्या 200 कृती तपासल्या, त्यांतल्या 95 टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. तुमच्या कृतीत तर त्याहून जवळचे दोन धोके आहेत. लसूण आणि कांदा कुत्र्यांच्या लाल पेशी फोडतात, चवीपुरताही नको. आणि राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा टाकू नका. कुकरचं तापमान नीट उकळीला पोचत नाही आणि राजम्यातलं विष तसंच राहतं, तो आधी भिजवून दहा मिनिटं खळखळ उकळावा लागतो. मी तर वगळेनच. रात्री वीज गेली तर अर्धवट शिजलेलं चिकन सकाळपर्यंत कोमट पडून राहतं, ते फेकायचं, गरम करून घालायचं नाही. आणि नाशकात राहताय म्हणून सांगतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी द्राक्षांची क्रेट आणून देतं, ती उंचावर ठेवा. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात.

पैसे वाचवायचेच असतील तर रस्ता साधा आहे. तुम्ही साडेपाचशे रुपये किलोचं ड्राय फूड आणता. तीनशेच्या आसपास पूर्ण आहाराचं मिळतं. महिन्याला लागणाऱ्या साडेसोळा किलोचे पाच हजार. चार हजार वाचले, कुकर न घेता. आधी तुमच्या पशुवैद्यांना पाकीट दाखवा, आणि जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला, नाहीतर पोटं बिघडतील. वर आठवड्यातून दोनदा भोपळा-चिकन शिजवून घाला, त्याला घरातला तीन शिट्ट्यांचा कुकर पुरतो.

18 टक्के मात्र डोक्यातून काढा. पाच हजारांची एसआयपी दहा वर्षं 18 ने धरली तर कागदावर सोळा-सतरा लाख दिसतात, 11 ने धरली तर अकरा. मी नियोजन करताना 11 च्या वर जात नाही. आणि आज तुमच्याकडे ते पाच हजार नाहीतच, आहे ती तूट. ती भरली की मग एसआयपी, तीही दोन हजारांपासून.

रात्री कुकर लावून सकाळी झाकण उघडताना ती दोघं पायाशी येऊन बसतील, हे तुम्ही पत्रात कुठेतरी मनात धरूनच लिहिलंय, ते मला दिसतं. घ्या कुकर. पण शिकवणीच्या पैशातून घ्या, आणि परत आलेले 5 लाख पासबुकात छापून आल्यावर.